एक्सआरडीत मोठ्या पीकच्या डावीकडे पुन्हा पुन्हा उगवणारे बारीक पीक: पावडरीत शोधू नका, ट्यूबमध्ये शोधा

एक्सआरडी म्हणजे पावडरीवर क्ष-किरण टाकून ते कोणत्या कोनाला (टू-थीटा) किती जोराने परततात याचा ग्राफ काढणे; त्या ग्राफवरचा प्रत्येक सुळका म्हणजे पीक, आणि किरण देणारी नळी म्हणजे ट्यूब. लक्षण असे. नमुना रोजचाच, पद्धत रोजचीच, आणि तरी सगळ्यात उंच पीकच्या डावीकडे, अंश-सव्वा अंशावर, एक बारीक उंचवटा दिसतो. उंची मोठ्या पीकच्या शंभराव्या हिश्श्याएवढी. स्कॅन पुन्हा घेतला तरी तो तिथेच. होल्डर पुसून नमुना नव्याने भरला तरी तिथेच. काही महिन्यांनी तो आपोआप नाहीसा होतो, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि वर्ष सरायच्या आत स्वारी पुन्हा हजर.

घाईत असाल तर आधी एवढे करा. मोठ्या पीकचा टू-थीटा घ्या, निम्मा करा, त्याचा साइन काढा आणि ०.९५८ ने गुणा. आलेल्या आकड्याचा उलटा साइन, म्हणजे ज्याचा साइन तेवढा येतो तो कोन, काढा आणि दुप्पट करा. उंचवटा नेमका तिथेच असेल तर तुमच्या पावडरीत काही बिघडलेले नाही. ट्यूबमधल्या तांब्यावर टंगस्टन चढले आहे. ०.९५८ ऐवजी ०.९०४ ने गुणून जुळले तर ते तांब्याचेच के-बीटा, म्हणजे तांब्याचाच दुसरा, आखूड तरंगलांबीचा किरण आहे, आणि मग नको असलेले किरण अडवणारा मोनोक्रोमेटर किंवा फिल्टर तपासायचा. हे दोन्ही आकडे तांब्याच्या ट्यूबसाठी आहेत.

हे आकडे कुठून येतात, टंगस्टन तिथे कसे पोचते, आणि मुख्य म्हणजे ट्यूब बदलूनही ते परत का येते, हे उमजायला आम्हाला सव्वादोन वर्षे आणि तीन ट्यूब लागल्या. दुसऱ्या कोणाची ती वर्षे जाऊ नयेत म्हणून सगळे सविस्तर लिहितो आहे.

मी रबाळे एमआयडीसीत, औषधांचा कच्चा माल तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करतो. आमचे मशीन जुन्या धाटणीचे आहे: तांब्याची सीलबंद ट्यूब, डिटेक्टरच्या हातावर ग्रॅफाइटचा मोनोक्रोमेटर, मागे किरण मोजणारा सिंटिलेशन काउंटर. आमच्या एका औषधाचे सर्वात मोठे पीक २०.०° ला येते. त्याच औषधाचे दुसरे स्फटिकरूप आहे, बोलताना आम्ही त्याला फॉर्म टू म्हणतो, आणि त्याचे एक ओळखीचे पीक १९.२° ला आहे. एके दिवशी बॅचमध्ये १९.१६° ला उंचवटा आला. औषधांच्या एक्सआरडीत ०.२° पर्यंतचा फरक एकच पीक समजला जातो. म्हणजे कागदोपत्री फॉर्म टू सापडला.

त्या दिवशी लॅबमध्ये जी धावपळ झाली ती अनाठायी नव्हती, हे आधी सांगतो. रेणू तोच असला तरी स्फटिकाची रचना बदलली की विरघळण्याचा वेग बदलतो, आणि गोळी पोटात गेल्यावर काय करणार तेही बदलते. एचआयव्हीवरच्या रिटोनाव्हिरच्या बाबतीत १९९८ मध्ये हेच घडले. आधी कोणी न पाहिलेले, कमी विरघळणारे रूप कॅप्सूलमध्ये उगवले आणि तयार माल बाजारातून मागे घ्यावा लागला. त्यामुळे एक टक्क्याचा उंचवटा कोणी दुर्लक्षित केला असता तर मीच भांडलो असतो.

बॅच अडकली. प्लांटवाल्यांनी ड्रायरचे तापमान बदलून पाहिले, सॉल्व्हंटचा लॉट बदलून पाहिला. उंचवटा काही केल्या हलेना. दोन महिन्यांनी ट्यूबची तीव्रता आमच्या मर्यादेखाली गेली म्हणून नवी ट्यूब बसवली आणि पुढच्या बॅचला तो गायब! श्रेय ड्रायरला मिळाले. नऊ महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार. पुन्हा डेव्हिएशनची चौकशी, पुन्हा ड्रायर, पुन्हा नवी ट्यूब, पुन्हा आनंद. तिसऱ्या खेपेला आमच्याकडे नुकतीच लागलेली एक मुलगी म्हणाली, “सर, फॉर्म टूचं दुसरं मोठं पीक १२.४ ला आहे ना? ते का दिसत नाहीये?”

प्रश्न बिनतोड होता. पण एवढ्यावर निकाल देता येत नाही. चपट्या किंवा सुईसारख्या कणांची पावडर होल्डरमध्ये दाबली की सगळे कण एकाच कुशीवर झोपतात, काही पीक फुगतात, काही पार बुडतात. म्हणून मी म्हटले, औषध बाजूला ठेवू, सिलिकॉन लावू. सिलिकॉनला कसले आले आहे दुसरे रूप!

सिलिकॉनचे पहिले पीक २८.४४° ला येते. आम्ही २५ ते २९.५ अंशांचा पट्टा अगदी सावकाश मोजला. २७.२३° ला उंचवटा. मग दुसरे पीक, ४७.३०° चे, त्याच्या डावीकडे ४५.२२° ला उंचवटा. पहिल्यापेक्षा अंतर जास्त, दोन अंशांहून थोडे अधिक. कोपऱ्यात उभ्या असलेल्या आमच्या साहेबांनी कॅल्क्युलेटर मागितला. साइन १३.६१५ भागिले साइन १४.२२. साइन २२.६१ भागिले साइन २३.६५. दोन्ही वेळा ०.९५८. औषधाच्या जुन्या स्कॅनवर करून पाहिले, तिथेही ०.९५८. तीन वेगळ्या ठिकाणी एकच गुणोत्तर आले की मग तो पदार्थाचा गुण राहत नाही, किरणाचा ठरतो.

ब्रॅगचा नियम इथे कामाला येतो: तरंगलांबी म्हणजे दोन गुणिले थरांमधले अंतर गुणिले साइन थीटा. थर तेच असतील आणि साइन ०.९५८ पट झाला असेल, तर तरंगलांबीही ०.९५८ पट झालेली असणार. तांब्याच्या मुख्य किरणाची, के-अल्फा १ ची, तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यांश). गुणून पाहा, १.४७६ येते. तांब्याची अशी रेषाच, म्हणजे या ठरावीक तरंगलांबीचा किरणच, नाही. के-बीटा आहे, पण ती १.३९२२ वर. १.४७६४ वर बसते ती टंगस्टनची एल-अल्फा. तांब्याच्या ट्यूबमध्ये टंगस्टन एकाच जागी असते, फिलामेंटमध्ये.

आता थोडे मागे जाऊन, ट्यूबमध्ये होते काय ते पाहू. सॉफ्टवेअर सगळे आपोआप करत असल्यामुळे आपल्यापैकी बरेच जण ट्यूबला बल्ब समजतात: बटण दाबले, किरण आले. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

सीलबंद ट्यूबमध्ये निर्वात पोकळी असते. एका टोकाला टंगस्टनचे बारीक फिलामेंट, २००० अंश सेल्सिअसच्या वर तापवलेले. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात. ही तापलेल्या फिलामेंटची ट्यूब कूलिजने १९१३ मध्ये केली. त्याआधीच्या ट्यूबमध्ये थोडा वायू लागत असे आणि त्यांचा लहरीपणा सांभाळताना नाकीनऊ येत. समोर तांब्याचे टार्गेट. दोहोंमध्ये ४० हजार व्होल्ट. इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या एक तृतीयांशाहून जास्त वेगाने तांब्यावर आदळतात. ४० केव्ही (हजार व्होल्ट) आणि ४० एमएला (मिलिअँपिअर) ट्यूब १६०० वॉट खाते, घरातल्या इंडक्शन शेगडीएवढे. ते सगळे पडते ०.४ गुणिले १२ मिलिमीटरच्या रेघेवर, शिवणाच्या सुईहून बारीक. त्यातला एक टक्काही क्ष-किरण होत नाही. उरलेली सगळी उष्णता. टार्गेटच्या पाठीमागून पाणी फिरत नसेल तर तांबे क्षणात वितळेल.

जो एक टक्क्याच्याही आतला हिस्सा किरण होतो, त्याचेही दोन प्रकार आहेत. पहिला ब्रेक लागल्याचा. तांब्याच्या अणुकेंद्रांजवळून जाताना इलेक्ट्रॉनचा वेग एकदम मोडतो आणि गमावलेली ऊर्जा किरण होऊन बाहेर पडते. कोणाचा वेग थोडा मोडतो, कोणाचा जास्त, म्हणून इथे सगळ्या तरंगलांब्या मिळतात, सलग. फक्त एका बाजूला कडक हद्द असते: इलेक्ट्रॉनने सगळी ऊर्जा एकाच दणक्यात दिली तर. ४० केव्हीला ती हद्द ०.३१ अँगस्ट्रॉमवर येते. आपल्या ग्राफच्या तळाशी जे बॅकग्राउंड दिसते, त्यातला काही भाग या सलग किरणांचा असतो.

दुसरा प्रकार म्हणजे धातूची सही. येणाऱ्या इलेक्ट्रॉनने तांब्याच्या सर्वात आतल्या, के कवचातला एक इलेक्ट्रॉन उडवला की तिथे जागा रिकामी होते. त्यासाठी किमान ८.९८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. वरच्या एल कवचातला इलेक्ट्रॉन त्या जागी उतरला तर के-अल्फा, एम मधला उतरला तर के-बीटा. दोन कवचांमधला ऊर्जेचा फरक प्रत्येक मूलद्रव्यात ठरलेला, म्हणून तरंगलांबी ठरलेली. एल कवचाच्या आत बारीक पोटभेद आहेत, त्यामुळे के-अल्फाही जोडीने येते: १.५४०६ आणि तिच्या निम्म्या तीव्रतेची १.५४४४. मोठ्या कोनांवर पीकच्या उजव्या खांद्यावर जो दुसरा दात दिसतो तो हाच. तो आमच्या तक्रारीचा विषय नाही, पण नवी मुले त्यालाही अशुद्धी समजतात म्हणून सांगितले.

या सहीवरून मूलद्रव्य ओळखता येते हे मोझलीने १९१३ मध्ये दाखवले. एकेक धातू टार्गेट म्हणून लावायचा, त्याचे किरण स्फटिकावरून परावर्तित करायचे आणि फोटोवर रेषा कुठे पडते ते मोजायचे. अणुक्रमांक वाढत जातो तशी रेषा पायरी-पायरीने सरकत जाते. त्याच्या त्या प्रसिद्ध फोटोत पितळेच्या ओळीत तांबे आणि जस्त दोघांच्याही रेषा आहेत, आणि कोबाल्टच्या ओळीत लोखंड व निकेलच्या पुसट रेषा. टार्गेटमध्ये जे काही मिसळलेले असेल ते स्वतःची सही करणारच. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मोझली गेला, अवघ्या २७ व्या वर्षी. आमच्या सिलिकॉनच्या स्कॅनमध्ये मी नेमकी त्याच्या कोबाल्टच्या ओळीसारखी पुसट रेषा पाहत होतो, हे लक्षात आले तेव्हा अंगावर काटा आला.

आणि हा गोंधळ, म्हणजे दिसणारी खूण स्फटिकाची की ट्यूबची, तोही नवा नाही. १९१२ मध्ये म्युनिकला लाउएच्या कल्पनेवरून फ्रिडरिक आणि क्निपिंग यांनी मोरचुदाच्या स्फटिकातून क्ष-किरण सोडले आणि फोटोवर ठिपके उमटले. मोरचूद निवडले कारण त्यात तांबे आहे; किरण पडले की स्फटिकातले तांबे स्वतःचे ठरावीक किरण सोडेल आणि तेच ठिपके पाडतील अशी अपेक्षा होती. लाउएने ठिपक्यांची फोड पाच ठरावीक तरंगलांब्या धरून केली. ठिपके ट्यूबमधून आलेल्या सलग किरणांतून निवडले जातात, हे त्याच वर्षाअखेरीस विशी-बाविशीतल्या लॉरेन्स ब्रॅगने दाखवले. स्फटिक काही नवीन पाठवत नाही, आलेल्यातून निवडतो. आमची औषधाची पावडरही तेच करत होती. ट्यूबमधून दोन सह्या येत होत्या, तिने दोन्ही इमानाने मोजून दिल्या.

सॉफ्टवेअर मात्र एकच तरंगलांबी धरून बसलेले असते. १९.१६° ला आलेल्या टंगस्टनच्या पीकला ते तांब्याच्या मापाने मोजते आणि ४.६३ अँगस्ट्रॉम अंतराचा एक थर जाहीर करते, जो त्या स्फटिकात नाहीच. मग डेटाबेस त्या नसलेल्या थराला साजेसे काहीतरी शोधून देतो.

आता खात्री कशी करायची ते. सिलिकॉन नसेल तर कोरंडमची प्लेट किंवा लँथेनम हेक्साबोराइड, जे स्टँडर्ड मशीनसोबत आले असेल ते चालेल. पण स्कॅन सावकाश हवा. ०.१ टक्क्याचा उंचवटा दिसायला मोठ्या पीकवर लाखभर काउंट हवेत, म्हणजे उंचवट्याला १०० मिळतील. बॅकग्राउंड ४०० असेल तर त्याची थरथर २० च्या आसपास असते, त्यात १०० ओळखू येतात. रोजच्या घाईच्या स्कॅनमध्ये हे कधीच दिसणार नाही, आणि म्हणूनच आम्हालाही पहिले काही महिने दिसत नसे. उलट, मोठ्या पीकवर काउंटरला झेपणार नाही इतका मारा होत असेल तर तो काही काउंट गिळतो आणि उंचवट्याचे प्रमाण उगाच जास्त वाटते. तेवढ्यासाठी स्लिट बारीक करा.

शेवटची खात्री आम्ही निकेलच्या पत्र्याने केली आणि ती मला फार आवडते. फिल्टरच्या खाचेत ०.०२ मिलिमीटर जाडीचा निकेलचा पत्रा सरकवायचा, शटर बंद करून, दार लावून, नेहमीच्या रीतीने. निकेल १.४८८ अँगस्ट्रॉमपेक्षा लांब किरण बऱ्यापैकी सोडते आणि त्याहून आखूड किरण अधाशासारखे गिळते. तांब्याची के-अल्फा या उंबरठ्याच्या एका बाजूला, टंगस्टनची १.४७६ जेमतेम दुसऱ्या बाजूला. आमचे मोठे पीक निम्म्याहून थोडे खाली आले. उंचवटा जो गेला तो समूळ. तळाची रेघ सपाट. नमुन्यातला फॉर्म टू असता तर तोही फक्त निम्म्याला उतरला असता. हा ग्राफ छापून डेव्हिएशनच्या फाइलला जोडला आणि त्या दुपारी बॅच मोकळी झाली.

यावरून हेही कळेल की निकेल फिल्टर लावून काम करणाऱ्यांना टंगस्टनचा त्रास सहसा का होत नाही. त्यांना के-बीटाचा अवशेष जास्त सतावतो. ग्रॅफाइटचे उलटे: के-बीटा ऊर्जेने लांब, ती तो छान अडवतो, टंगस्टनची रेषा ८.४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला, तांब्याची ८.०५ ला, आणि ग्रॅफाइटच्या थरांची मांडणी थोडी विस्कळीत असल्यामुळे तो इतकी बारीक निवड करत नाही. काही भाग निसटतोच.

गुणोत्तर दोन्हींपैकी कशाशीच जुळत नसेल तर? ३८.४७° आणि ४४.७४° ला काही असेल तर ते ॲल्युमिनियमचे, किरण नमुना सोडून होल्डरवर पडत आहेत. सगळेच पीक थोडे सरकले असतील तर नमुन्याची उंची चुकली आहे. लोखंड असलेल्या नमुन्यात तळाची रेघच उचलली गेली असेल तर ते तांब्याच्या किरणांनी चेतवलेले लोखंड आहे. ग्रॅफाइट असेल तर तो ते बहुतेक अडवतो. आणि यातले काहीच नसेल तर मान्य करा की नमुन्यात खरोखर काहीतरी आहे, आणि प्लांटला फोन करा.

आता खरा प्रश्न. टंगस्टन चढते कसे हे उघड आहे: तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉनबरोबर थोडे टंगस्टनही उडते आणि समोरच्या तांब्यावर बसते. जुन्या बल्बची काच आतून काळी पडायची तसेच. शिवाय किरण टार्गेटवरून सहा अंशांच्या तिरकस कोनात बाहेर पडतात, त्यामुळे थर कितीही पातळ असो, तांब्याच्या किरणांना त्यातून जाडीच्या जवळजवळ दहापट वाट काटावी लागते. म्हणजे उंचवटा वाढणे आणि तीव्रता उतरणे ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे. आम्ही दर वेळी तीव्रतेसाठी ट्यूब बदलत होतो आणि उंचवट्यासाठी ड्रायर!

पण नऊच महिन्यांत का? आमच्या ओळखीच्या एका लॅबमध्ये याच धाटणीची ट्यूब कितीतरी जास्त टिकते. उत्तर लॉगबुकात होते. आमची ट्यूब रात्री, रविवारी, दिवाळीतसुद्धा ४० केव्ही, ४० एमएवर सुरू असायची. नऊ महिन्यांत साडेसहा हजार तास, त्यातले स्कॅनचे दोन हजारही नाहीत. कारण विचारले तर सगळे एकच सांगत: “ट्यूब बंद करायची नाही, परत चढवताना उडते.” हा नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नव्हते. मी जुन्या नोंदी काढल्या. तीन वर्षांपूर्वीचा जुलै. रविवारी लाइट गेली, जनरेटरवर चिलर, म्हणजे ट्यूबचे पाणी थंड करणारे यंत्र, सुरू राहिला, एसी आणि एक्सआरडी बंद. सोमवारी सकाळी हाय व्होल्टेज चढवताना ठिणगी पडून ट्रिप, पुन्हा ट्रिप, शेवटी ट्यूब गेली.

ठाण्याची खाडी आमच्या मागे, पारसिकचा डोंगर समोर. पावसाळ्यात मधली हवा पिळली तर पाणी निघेल. एसी बंद झाला की खोली २८ अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्क्यांवर जाते. अशा हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. आणि आमचा चिलर १८ ला लावलेला. ट्यूब सुरू असते तेव्हा तिची स्वतःची ऊब असते; ती बंद आणि पाणी मात्र १८ अंशांचे फिरत राहिले की पाइपला, ट्यूबच्या घराला, हाय व्होल्टेजच्या जोडापर्यंत सगळीकडे घाम सुटतो. त्यावर ४० हजार व्होल्ट चढवले तर दुसरे काय होणार? त्या एका सोमवारच्या धास्तीने ट्यूब कायम पेटती राहिली, आणि पेटती राहिली म्हणून टंगस्टन चढत राहिले. चिलरवरचा १८ हा आकडा आणि १९.१६° चे पीक यांचा असा संबंध होता.

उपाय आम्ही उलट्या टोकापासून केला. आधी पाणी. चिलर २४ वर नेला; ट्यूबच्या कागदांत पाण्याला जी हद्द दिलेली असते तिच्या आत हे बसते, तुमची आधी वाचून घ्या. एक्सआरडीचे हाय व्होल्टेज बंद झाले की पाच मिनिटांनी चिलरही थांबेल अशी जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली. खोलीचा एसी वेगळ्या लाइनवर घेतला, म्हणजे शनिवारी कोणी मजल्याचा स्विच पाडला तरी तो चालू राहतो. दारापाशी आर्द्रतेचा मीटर टांगला. लाइट जाऊन आली आणि मीटर चढलेला असेल तर आधी एसी, मग दोन तास वाट, मग टॉर्च घेऊन ट्यूबचे घर कोरडे आहे का पाहणे, मग हाय व्होल्टेज.

मग वॉर्म-अप. मशीनमध्ये तो आपोआप होतो, पण आमच्याकडे कंटाळा म्हणून ‘जलद’ वर टाकायची सवय होती. दोन-चार दिवस बंद राहिलेल्या ट्यूबला सावकाशचा कार्यक्रमच लावायचा, तासभर जाऊ दे. केव्ही आधी थोडा चढवायचा, मग एमए, टप्प्याटप्प्याने. घाईने चढवलेल्या ट्यूबमध्ये उरलासुरला वायू सुटून ठिणगी पडते.

आणि मुख्य बदल: स्कॅन संपला की ट्यूब २० केव्ही, ५ एमएवर. आमच्या ट्यूबच्या उत्पादकाने हेच सांगितलेले होते, कोणी वाचले नव्हते. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. टंगस्टनमधून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला साधारण ४.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. अख्खा अणू उपटायला जवळजवळ दुप्पट. त्यामुळे फिलामेंट थोडे थंड केले की इलेक्ट्रॉन जेवढ्या पटीने घटतात त्याहून कितीतरी जास्त पटीने उडणारे अणू घटतात. करंट आठव्या हिश्श्यावर आणला तर टंगस्टनचे उडणे जवळपास थांबल्यातच जमा.

त्याच न्यायाने स्कॅनच्या सेटिंगलाही हात घातला. तांब्याच्या के रेषेची तीव्रता करंटच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेज ८.९८ केव्हीच्या वर जितका असेल त्याच्या दीडपेक्षा थोड्या जास्त घाताने वाढते. म्हणून ४० केव्ही, ४० एमएऐवजी ४५ केव्ही, ३५ एमए लावले तर वॉट जवळपास तेवढेच, फिलामेंट थोडे थंड, आणि किरण दहाएक टक्के जास्त. आमच्या ट्यूबच्या मर्यादेत हे बसत होते म्हणून केले. पद्धतीत सेटिंग नोंदलेले असेल तर आधी क्वालिटीवाल्यांकडून बदल मंजूर करून घ्या. आमच्याकडे त्यालाच सहा आठवडे गेले.

चढलेले टंगस्टन काढता येत नाही. ट्यूब सीलबंद असते. खिडकी बेरिलियमची असते, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी पातळ. तिला पुसायला, खरवडायला जाऊ नका, बेरिलियमची धूळ विषारी असते आणि खिडकी फुटली तर ट्यूब गेली. नवी ट्यूब येईपर्यंत निकेलच्या पत्र्यावर काम भागवता येते, तीव्रता निम्मी धरून स्कॅनचा वेळ वाढवायचा. दाराचे इंटरलॉक (दार उघडले की किरण बंद करणारी सोय) मात्र कोणत्याही कारणाने बायपास करायचे नाही, “एकच मिनिट बघतो” म्हणूनसुद्धा नाही. बाहेर पडणारी शलाका दिसत नाही, जाणवत नाही, आणि बोट मध्ये आले तर भाजल्याचे काही दिवसांनी कळते. मशीनची अणुऊर्जा नियामक परिषदेकडची नोंदणी चालू असली म्हणजे ही काळजी आपोआप घेतली जाते असे नाही.

आता दर सोमवारी पहिला स्कॅन सिलिकॉनचा असतो, २५ ते २९.५ अंश, पाऊण तासाचा. २७.२३° ची उंची भागिले २८.४४° ची उंची, एवढा एकच आकडा वहीत. ०.३ टक्के झाला की ट्यूबची ऑर्डर द्यायची, ०.५ ला औषधाचे काम पत्र्यावर न्यायचे, असे आमचे आम्ही ठरवले आहे.

सध्याच्या ट्यूबला सोळा महिने झाले. गेल्या सोमवारचा आकडा ०.१ च्या खाली होता, वहीत ‘दिसत नाही’ असे लिहिले. सकाळी धो-धो पाऊस होता, ट्रान्स-हार्बर लोकल उशिरा धावत होती, मी पोचलो तेव्हा रात्री लाइट जाऊन आल्याचे वॉचमनने सांगितले. त्या मुलीने माझ्याआधीच चिलरचा पाइप हाताने चाचपून पाहिला होता. कोरडा होता.